महाधमनीतील स्टेंट ग्राफ्ट बंद पडतो तेव्हा: पहिल्या नोंदीपासून उपचारानंतरच्या देखरेखीपर्यंत

पोट न उघडता, जांघेतून नळी घालून महाधमनीच्या फुगवट्यावर उपचार करून घेतलेला रुग्ण घरी येतो, तेव्हा त्याचे आणि घरच्यांचे सगळे लक्ष पोटाकडे असते. फुगवटा फुटणार तर नाही ना, आत बसवलेल्या ग्राफ्टच्या, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेल्या कापडी नळीच्या, कडेने रक्त झिरपणार तर नाही ना, हीच काळजी मनात असते आणि ती रास्तही आहे. ग्राफ्ट आतून बंद पडणे ही मात्र वेगळी गुंतागुंत आहे. ती घडते पोटात, पण जाणवते पायात, आणि म्हणूनच ती अनेकदा उशिरा ओळखली जाते. पोटरीत गोळा आला, चालताना कुल्ला भरून आला, पाऊल गार पडले, तर रुग्ण त्याचा संबंध वयाशी, सांध्यांशी किंवा कमरेच्या मणक्याशी जोडतो. ज्या रक्तवाहिनीवर उपचार झाला ती पायांना रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी आहे, हे त्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते.

हा लेख मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली, म्हणजे पोटातील महाधमनीत बसवलेल्या दोन फाट्यांच्या ग्राफ्टविषयी आहे. एखाद्या वाचकाचा किंवा त्याच्या घरातील रुग्णाचा पाय आत्ता अचानक दुखू लागून गार आणि फिकट पडला असेल, तर त्याने मधला मजकूर सोडून थेट पाचवा टप्पा वाचावा.

पहिला टप्पा: आत काय बसवले आहे, ते समजून घ्या

पोटातील महाधमनीचा नेहमीचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा अधिक झाला की त्याला फुगवटा, म्हणजे अॅन्युरिझम, म्हणतात. पुरुषांत साधारण ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरच्या आसपास उपचाराचा विचार केला जातो. या उपचारात बसवला जाणारा ग्राफ्ट विजारीसारखा असतो. कमरेचा भाग मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या लगेच खाली घट्ट बसतो आणि दोन पाय, ज्यांना या लेखात फाटे म्हटले आहे, महाधमनी दुभागून दोन्ही पायांकडे जाणाऱ्या इलियाक धमन्यांत उतरतात. कापड पॉलिएस्टरचे किंवा पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचे असते आणि त्याला धातूच्या जाळीचा आधार असतो. ही जाळी बहुधा निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. रक्त आता फुगवट्याला स्पर्श न करता या विजारीतून पायांकडे जाते. याचाच दुसरा अर्थ असा की एक फाटा बंद पडला, तर त्या बाजूच्या पायाचा मुख्य रक्तपुरवठा तुटतो.

खार्किव येथील निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत अशा प्रकारचा ग्राफ्ट बसवला, आणि ब्युनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातील फुगवट्यावर हा उपचार केला. पारोदींचे सुरुवातीचे ग्राफ्ट सरळ नळीचे होते. पुढे दोन फाट्यांचे ग्राफ्ट आल्यावर जास्त रुग्णांवर उपचार करणे शक्य झाले, पण त्याबरोबर फाटा दुमडण्याचा आणि बंद पडण्याचा प्रश्नही आला. ज्या जुन्या ग्राफ्टच्या फाट्यांना धातूचा आधार नव्हता, ते विशेष दुमडत असत. आताच्या फाट्यांना पूर्ण लांबीभर आधार असतो. त्यामुळे हे प्रमाण घटले, तरी संपलेले नाही. बहुतेक अहवालांत ते एक ते सात टक्क्यांच्या दरम्यान दिसते, आणि अशा घटनांपैकी मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांत, बहुतांश पहिल्या वर्षात घडतो.

फाटा बंद का पडतो, याचे मूळ उत्तर साधे आहे: रक्ताला वाट अरुंद झाली किंवा पुढे निघून जायला जागा उरली नाही, की प्रवाह मंदावतो आणि परकीय कापडावर गुठळी धरते. व्यास निम्मा झाला तर प्रवाहाला होणारा विरोध, निदान पाठ्यपुस्तकी हिशेबाने, सोळापट होतो. त्यामुळे चित्रात किरकोळ वाटणारा दुमडही प्रत्यक्षात किरकोळ नसतो.

दुसरा टप्पा: घरी जाण्यापूर्वी पायाची मूळ नोंद करून घ्या

माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे, आणि ती सर्वांत जास्त वेळा राहून जाते. तीन महिन्यांनी पाय दुखू लागला आणि नाडी लागत नसेल, तर डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो की ती आधी लागत होती का. अनेक रुग्णांना आधीपासूनच पायांच्या धमन्यांचा आजार असतो, आणि मूळ नोंद नसेल तर जुने काय आणि नवे काय, हे ठरवण्यात मौल्यवान वेळ जातो.

म्हणून रुग्णालयातून निघताना दोन्ही पायांच्या चार जागांवरील नाड्यांची लेखी नोंद मागावी: जांघेत, गुडघ्यामागे, आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलाच्या वरच्या बाजूला. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही. ती केवळ तेवढ्याने आजाराची खूण ठरत नाही, पण ती लागत नव्हती ही नोंद मात्र पुढे उपयोगी पडते. शक्य असेल तर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर मोजून घ्यावे. दंडाचा वरचा दाब १३० आणि घोट्याचा १४० असेल, तर गुणोत्तर सुमारे १.०८ येते, म्हणजे ठीक आहे. ०.९ च्या खालचा आकडा रक्तपुरवठा कमी असल्याचे सांगतो, आणि आधीच्या मोजणीपेक्षा ०.१५ किंवा त्याहून अधिक घट झाली तर ती दखल घेण्याजोगी असते. त्याच रुग्णाचा घोट्याचा दाब पुढे ६५ भरला, तर गुणोत्तर ०.५ वर येते आणि शंकेला जागा राहत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांच्या धमन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि हा आकडा खोटा वाढलेला, १.४ च्याही वर, येऊ शकतो. अशा रुग्णांत केवळ आकड्यावर न विसंबता रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी तपासणाऱ्या डॉप्लर यंत्रावरील लहरींचा आकार पाहावा लागतो.

याच कागदांत ग्राफ्टची कंपनी, मापे, प्रत्येक फाटा कोठे संपतो आणि कोणत्या बाजूची आतली इलियाक धमनी (ओटीपोट आणि कुल्ल्याला रक्त देणारी फांदी) झाकली किंवा बंद केली गेली आहे का, हेही असावे. शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व चौथ्या टप्प्यात येईल.

तिसरा टप्पा: आपल्या बाबतीत धोका किती आहे, ते विचारून घ्या

सर्व रुग्णांना समान धोका नसतो. पुढील गोष्टी असतील तर फाटा बंद पडण्याची शक्यता वाढते, आणि त्यांपैकी बहुतेक शस्त्रक्रियेआधीच्या सीटी स्कॅनवर दिसत असतात.

पहिली गोष्ट म्हणजे इलियाक धमन्यांची वळणे. वय आणि रक्तदाब यांमुळे या धमन्या नागमोडी होतात. शस्त्रक्रियेच्या वेळी आत ताठ तार असते, ती वळणे सरळ करते आणि शेवटच्या अँजिओग्राफीत सारे सुरेख दिसते. तार काढली की धमनी पुन्हा आपल्या वळणावर जाते आणि ग्राफ्ट तेथे दुमडतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे सर्जन शेवटचे चित्र ताठ तार काढून किंवा तिच्या जागी मऊ तार घालून घेतात. रुग्णाने हे आधी किंवा नंतर विचारले तर त्यात उद्धटपणा काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे महाधमनी जेथे दुभागते ती जागा अरुंद असणे. तेथील व्यास २० मिलिमीटरहून कमी असेल, विशेषतः तेथे चुन्याचे थर असतील, तर दोन्ही फाटे शेजारी शेजारी दाटीने बसतात आणि एक दुसऱ्याला चेपतो. तिसरी गोष्ट म्हणजे फाटा बाहेरच्या इलियाक धमनीपर्यंत (पायाकडे जाणाऱ्या फांदीपर्यंत) न्यावा लागणे. ही धमनी लहान व्यासाची आणि अधिक वळणदार असते, आणि कंबर वाकवताना हलतही असते. स्त्रियांत ती मुळातच बारीक असते. चौथी गोष्ट म्हणजे गरजेपेक्षा मोठ्या मापाचा फाटा. लहान धमनीत मोठे कापड बसवले की त्याला आत चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत गुठळी धरते.

याशिवाय मांडीतील धमन्यांचा आजार, म्हणजे पुढची वाट अडलेली असणे, नळी घालताना धमनीच्या आतल्या थराला पडलेली चीर, धूम्रपान, कर्करोग किंवा रक्त गोठण्याचा जन्मजात दोष, तीव्र निर्जलीकरण, आणि अॅस्पिरिनसारखी गोळी परस्पर बंद करणे, ही कारणे येतात. बऱ्याच उशिरा, वर्षांनंतर बंद पडणाऱ्या फाट्यांत कधी कधी एक चमत्कारिक कारण सापडते: उपचार उत्तम लागू पडून फुगवटा आक्रसतो, त्याचा आकार बदलतो आणि आतला ग्राफ्ट त्याबरोबर सरकून वाकतो.

चौथा टप्पा: लक्षणे ओळखा, आणि सारखी दिसणारी दुसरी दुखणी वेगळी काढा

फाटा अचानक बंद पडला की पायाची सहा लक्षणे सांगितली जातात: वेदना, फिकटपणा, नाडी न लागणे, गारवा, मुंग्या किंवा बधिरपणा, आणि हालचाल न होणे. ही सर्व एकाच वेळी दिसतील असे नाही आणि सर्व दिसेपर्यंत थांबणे हीच मोठी चूक आहे. वेदना, गारवा आणि फिकटपणा आधी येतात. बधिरपणा आला की मज्जातंतूंना झळ पोचू लागली असे समजावे. आणि बोटे हलेनाशी झाली की स्नायू धोक्यात आले आहेत. काळ्या वर्णाच्या त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही. अशा वेळी तळपाय आणि नखे दुसऱ्या पायाशी ताडून पाहावीत. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ दोन्ही पायांत सारखा आहे का, हेही पाहावे.

दुसरा प्रकार हळूहळू येतो. चालताना ठरावीक अंतरावर कुल्ला, मांडी किंवा पोटरी भरून येते, थांबले की दोन-चार मिनिटांत उतरते आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर येते. हे दुखणे गुडघ्याच्या सांध्याच्या दुखण्यासारखे उठता-बसता होत नाही. मणक्याच्या अरुंदपणामुळे होणारे दुखणे नुसते उभे राहूनही येते आणि खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच कमी होते. रक्तपुरवठ्याचे दुखणे मात्र नुसते उभे राहिले तरी थांबते. पुरुषांत लिंगाची ताठरता कमी होणे हेही एक लक्षण असू शकते, आणि ते सांगायला रुग्ण संकोचतात.

येथे आतल्या इलियाक धमनीची आठवण ठेवायची. ती शस्त्रक्रियेत जाणूनबुजून झाकली असेल, तर फाटा उत्तम चालू असूनही चालताना त्या बाजूचा कुल्ला दुखू शकतो, आणि ही तक्रार बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांत कमी होते. भेद करणारी खूण जांघेत आहे: जांघेतील नाडी पूर्वीसारखी टणक लागत असेल, तर फाटा बहुधा उघडा आहे, ती नाहीशी किंवा दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट दुबळी झाली असेल, तर फाट्यावर संशय घ्यावा. जांघेच्या वळीच्या मध्याजवळ दोन बोटांनी दाबून ही नाडी पाहायला घरचे कोणीही शिकू शकते. शिकायची ती मात्र रुग्णालयातून निघण्यापूर्वी, घाबरलेल्या अवस्थेत पहिल्यांदा नव्हे.

ग्राफ्टचा मुख्य भाग किंवा दोन्ही फाटे एकाच वेळी बंद होणे दुर्मीळ आहे, पण ते सर्वांत फसवे असते. दोन्ही पाय एकदम गळतात, बधिर होतात, लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो, आणि पाहणाऱ्याला ते मणक्याचे किंवा मेंदूचे दुखणे वाटते. महाधमनीवर उपचार झालेल्या माणसाचे दोन्ही पाय अचानक गेले, तर दोन्ही जांघांतील नाड्या तपासल्याशिवाय मणक्याच्या स्कॅनसाठी रांगेत थांबू नये. याच प्रसंगात मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठाही धोक्यात येऊ शकतो.

काही रुग्णांत फाटा बंद पडूनही काहीच जाणवत नाही, कारण शेजारच्या लहान वाहिन्यांनी ती वाट हळूहळू भरून काढलेली असते. त्यांचे निदान नियमित तपासणीतच होते.

पाचवा टप्पा: पहिला तास

रक्तपुरवठा पूर्ण तुटलेल्या पायातील स्नायू आणि मज्जातंतू साधारण सहा तासांत कायमचे निकामी होऊ लागतात. ही मर्यादा काटेकोर नाही. पर्यायी वाहिन्या असतील तर जास्त वेळ मिळतो, नसतील तर कमी. पण हिशेब तासांचाच असतो.

दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. रुग्णवाहिका बोलावताना आणि रुग्णालयात पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की महाधमनीत स्टेंट ग्राफ्ट आहे आणि पाय अचानक गार पडला आहे. शक्य असेल तेथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि अँजिओग्राफीची सोय असलेले रुग्णालय निवडा. जवळच्या लहान रुग्णालयात जावे लागले, तर तेथे पायाची तपासणी, वेदनाशामक आणि हेपॅरिन (रक्त गोठणे रोखणारे औषध) सुरू करून लगेच पुढे पाठवणे शक्य असते.

पाय गरम पाण्यात बुडवू नका, शेकू नका: बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि उष्णतेने पेशींची प्राणवायूची गरज उलट वाढते. चोळू नका. सूज आल्यावर पाय उंच ठेवण्याची आपली सवय येथे घातक आहे. पाय शरीराच्या पातळीत किंवा किंचित खाली ठेवावा, म्हणजे उरलेल्या रक्ताला गुरुत्वाकर्षणाची मदत होते. सैल मोजा घालून किंवा पातळ चादर गुंडाळून पाऊल झाका आणि टाचेवर दाब येऊ देऊ नका. शस्त्रक्रियेची शक्यता असल्यामुळे खाणे थांबवा. घरातील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा जादा डोस स्वतःहून देऊ नका, पण कोणती गोळी शेवटची कधी घेतली, हे नक्की सांगा, कारण पुढच्या औषधांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

सहावा टप्पा: रुग्णालयात काय ठरवले जाते

डॉक्टर आधी पाय किती धोक्यात आहे ते ठरवतात आणि मग अडथळा कोठे व कशाने आहे ते शोधतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रश्नासाठी मोठे यंत्र लागत नाही. स्पर्शज्ञान, बोटांची हालचाल आणि हातातील डॉप्लर यांवरून पायाची चार पातळ्यांत वर्गवारी होते. पहिल्या पातळीत पायाला तत्काळ धोका नसतो. दुसऱ्यात फार तर बोटांपुरता बधिरपणा असतो आणि लवकर उपचाराने पाय वाचतो. तिसऱ्यात बधिरपणा बोटांच्या पुढे सरकलेला असतो, स्नायूंत अशक्तपणा आलेला असतो आणि रक्तपुरवठा तातडीने सुरू करावा लागतो. चौथ्यात पाय पूर्ण बधिर आणि निश्चल असतो, धमनीचाच नव्हे तर शिरेचाही आवाज डॉप्लरवर येत नाही. अशा पायात रक्त पुन्हा सोडणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा केलेला सीटी स्कॅन, देते. फाटा नेमका कोठून बंद आहे, दुमड आहे की दाब, ग्राफ्ट खाली सरकला आहे का, मांडीतील धमन्या उघड्या आहेत का, हे सारे एका तपासणीत दिसते. मूत्रपिंडे दुबळी असली तरी पाय जाण्याच्या प्रसंगी ही तपासणी सहसा टाळली जात नाही. मूत्रपिंडांचे कार्य फार कमी असलेल्या मधुमेही रुग्णाने मेटफॉर्मिन घेत असल्याचे आवर्जून सांगावे. अशा वेळी ते तपासणीनंतर ४८ तास थांबवून, मूत्रपिंडांची तपासणी पुन्हा करून मगच सुरू केले जाते.

नियमित स्कॅनच्या अहवालात ‘ग्राफ्टच्या भिंतीवर गुठळीचा थर’ असे शब्द आले, तर ते वाचून घाबरून जाऊ नये. आतून कापडाला चिकटलेला पातळ थर अनेकांत आढळतो, बऱ्याचदा त्यातून पुढे काही होत नाही आणि तो फाटा बंद असल्याचा पुरावा नव्हे. त्याची वाढ होते का, हे पुढच्या स्कॅनवर पाहिले जाते.

सातवा टप्पा: उपचारांचे पर्याय आणि त्यांतील निवड

तातडीच्या प्रसंगात हेपॅरिन शिरेतून सुरू केले जाते. ते गुठळी विरघळवत नाही. ती वर-खाली वाढू नये आणि लहान वाहिन्या बंद पडू नयेत, यासाठी ते असते. पुढचा उपचार पायाची पातळी, गुठळीचे वय, जांघेतील जखमा किती ताज्या आहेत आणि रुग्णाची एकूण ताकद यांवर ठरतो.

पाय तत्काळ धोक्यात नसेल आणि गुठळी काही दिवसांचीच असेल, तर बारीक नळी थेट गुठळीत ठेवून ती विरघळवणारे औषध सोडता येते. याला अनेक तास, कधी एक दिवसाहून अधिक लागतो, आणि तेवढा वेळ रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. या उपचारात रक्तस्रावाचा, मेंदूतील रक्तस्रावासह, धोका थोडा असला तरी खरा आहे. अलीकडे झालेला पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया किंवा चालू रक्तस्राव असेल, तर हा मार्ग बंद होतो. गुठळी शोषून घेणाऱ्या यांत्रिक नळ्यांनी औषधाची मात्रा कमी करता येते किंवा टाळताही येते.

पाय तातडीने वाचवायचा असेल, तर जांघेत छेद घेऊन फुगा असलेल्या नळीने गुठळी ओढून काढतात. टॉमस फोगर्टी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेले हे साधन आजही कामाचे आहे. मात्र ग्राफ्टच्या आत ते वापरताना वेगळी सावधगिरी लागते: फुगा जोराने ओढला तर तो धातूच्या जाळीत अडकू शकतो, किंवा फाटा मुख्य भागापासून सुटू शकतो, आणि मग बंद पडलेल्या ग्राफ्टच्या जोडीला फुगवट्यात गळती सुरू होते. म्हणून हे काम तारेवरून आणि क्ष-किरणांच्या चित्राखाली केले जाते.

गुठळी काढली म्हणजे उपचार संपला नाही. दुमड, दाब किंवा पुढचा अडथळा तसाच राहिला, तर फाटा पुन्हा बंद पडणार. त्यामुळे बहुतेक वेळा त्याच बैठकीत दुमडलेल्या जागी आतून आणखी एक स्टेंट बसवून वाट सरळ आणि रुंद केली जाते. घरच्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा असेल, तर तो ‘बंद का पडला होता आणि ते कारण दूर झाले का’ हा विचारावा.

फाटा उघडता येत नसेल, तर चालू असलेल्या बाजूच्या जांघेतील धमनीतून बंद बाजूच्या जांघेत, ओटीपोटाच्या त्वचेखालून, बहुधा ८ मिलिमीटरची कृत्रिम नळी जोडतात. ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान आहे, पोट उघडावे लागत नाही आणि बऱ्याच रुग्णांत ती वर्षानुवर्षे चालते. दोन्ही फाटे गेले असतील, तर काखेतील धमनीतून जांघांपर्यंत नळी आणावी लागते. पोट उघडून जुना ग्राफ्ट काढून नवा शिवणे हा क्वचित घेतला जाणारा आणि जोखमीचा निर्णय आहे.

आणि कधी कधी काहीच न करणे योग्य ठरते. फाटा काही महिन्यांपूर्वी बंद पडलेला असून रुग्ण केवळ लांब चालल्यावर पोटरी भरते एवढीच तक्रार करत असेल, तर देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम, धूम्रपान पूर्ण बंद, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि गुठळीरोधक गोळी एवढ्यावर भागू शकते. सिलोस्टाझोल या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाने चालण्याचे अंतर काहींना वाढते, पण हृदयाची कार्यक्षमता कमी असलेल्यांनी ते घ्यायचे नसते. पायाची एकही जखम नसलेल्या, रात्री न दुखणाऱ्या रुग्णावर केवळ स्कॅन सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करू नये, असे मला वाटते.

आठवा टप्पा: रक्त परत सुरू झाल्यानंतरचे दोन दिवस

पाय गरम झाला, गुलाबी झाला की सगळे निश्चिंत होतात, आणि नेमका तेव्हाच दुसरा धोका सुरू होतो. उपाशी राहिलेल्या स्नायूंत रक्त शिरले की ते सुजतात. पोटरीतील स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. सुजेला जागा न मिळाल्याने आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा पुन्हा दबतो. पोटरी दगडासारखी टणक होणे, औषधांना न जुमानणारी वेदना, पाऊल वर-खाली वाकवून पाहताना कळ येणे आणि अंगठा व दुसरे बोट यांच्या बेचक्यात बधिरपणा, ही त्याची चिन्हे आहेत. पावलाची नाडी लागत असली तरी हा धोका टळलेला नसतो. उपाय एकच आहे: त्वचा आणि आवरणे लांब छेद घेऊन मोकळी करणे. त्या जखमा पाहून घरच्यांना धक्का बसतो, पण त्या पाय वाचवण्यासाठीच असतात आणि सूज उतरल्यावर शिवल्या किंवा त्वचा लावून झाकल्या जातात.

त्याच वेळी मृत स्नायूंतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतील प्रथिन रक्तात येतात. पोटॅशियममुळे हृदयाची लय बिघडू शकते आणि मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडांना इजा होते. लघवी गडद तपकिरी दिसू लागली किंवा तिचे प्रमाण घटले, तर लगेच सांगावे. गुठळीचे तुकडे निसटून बोटांच्या बारीक धमन्यांत अडकले, तर एखादे बोट निळे-काळे पडते. हे पाऊल एरवी गरम असतानाही होऊ शकते.

नववा टप्पा: पुढच्या तपासण्या आणि रोजचे भान

शस्त्रक्रियेनंतर साधारण एक महिन्याने सीटी अँजिओग्राफी आणि पुढे सर्व ठीक असेल तर वर्षातून एकदा अल्ट्रासाउंड, अशी पद्धत रूढ आहे. धोका जास्त असलेल्यांना अधिक वेळा बोलावले जाते. अल्ट्रासाउंडवर फाट्यात एका जागी रक्ताचा वेग अचानक वाढलेला दिसला, तर तेथे वाट अरुंद होत असल्याचा तो इशारा असतो. फाटा बंद पडण्यापूर्वी स्टेंट घालून तो वाचवणे हे बंद पडल्यावर उघडण्यापेक्षा फार सोपे असते. पोटाचा साधा क्ष-किरणही ग्राफ्टचा सांगाडा वाकला किंवा सरकला आहे का, ते दाखवतो.

गुठळीरोधक गोळी बहुतेकांना कायम घ्यावी लागते. फाटा एकदा बंद पडून उघडला असेल, तर काही काळ दोन गोळ्या किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध दिले जाते. त्याचा कालावधी रक्तस्रावाच्या धोक्याशी ताडून प्रत्येकासाठी वेगळा ठरतो. दात काढणे, मोतीबिंदू, आतड्याची दुर्बीण तपासणी अशा वेळी कोणी गोळी थांबवायला सांगितले, तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला विचारावे. जुलाब, उलट्या किंवा तापात पाणी कमी पडू देऊ नये, कारण त्या काळात रक्तदाब उतरतो, रक्त दाट होते आणि आधीच अरुंद असलेली वाट बंद पडायला तेवढे पुरते.

जांघेतून जांघेत नळी जोडलेल्या रुग्णाचे दोन्ही पाय आता एकाच फाट्यावर जगत असतात, म्हणून प्रत्येक तपासणीत केवळ नवी नळी नव्हे, तर तो उरलेला फाटाही पाहिला गेला पाहिजे. जांघेतील जखमेतून पाणी येणे, लाली किंवा ताप यांकडे दुर्लक्ष करू नये. कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग झाला तर ती काढावी लागू शकते. ओटीपोटावर रुतणारा घट्ट पट्टा वापरू नये. आणि पुढे कधी हृदयाच्या अँजिओग्राफीची वेळ आली, तर जांघेत सुई टोचण्यापूर्वी तेथे नळी आहे हे सांगावे, म्हणजे डॉक्टरांना मनगटातून जाता येईल.